नावापुरता मालक

खानावळीत म्योंगशेठने प्योदादांना दोन्ही हातांनी, वडीलधाऱ्यांना मान देत ओततात तशी, दारू ओतली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एरवी शेठ एका हातानेच ओतायचे, तेही फोनवर बोलत.

प्यो ग्वांग-सिक आन्सान शहरातल्या आमच्या पत्रेकामाच्या कारखान्याचे फोरमन. शेठहून वयाने मोठे, डाव्या हाताची दोन बोटं याच कामात गेलेली. शेठ ओरडायचे आणि दादा मान खाली घालायचे. माणसाने इतकं गरीब असू नये, मला त्यांचा रागच यायचा.

त्या जानेवारीत अपघाताचा कायदा आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांनाही लागू झाला. कामगार दगावला आणि मालकाचा निष्काळजीपणा ठरला, तर मालकाला तुरुंग. आमच्या मोठ्या प्रेसमध्ये पत्रा अडकला की मला कमरेपर्यंत आत वाकावं लागे. माणूस आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर शेठने तार जोडून कधीच निकामी केला होता. वेळ वाचतो म्हणे.

"दादा, कागदोपत्री मालक तुम्हीच व्हा," शेठ म्हणाले. "मुलीच्या लग्नात व्याह्यांपुढे मालक म्हणून मिरवाल."

मी टेबलावरच्या शेगडीवर मांस उलटत होते. राहवलं नाही. "आणि तुरुंगात कोण मिरवणार?"

"ताई, तुम्ही मांस बघा. करपतंय."

दादांनी सही केली. बाहेर पडल्यावर मी तोंडावरच म्हटलं, "बळीचा बकरा झालात, कळतंय का?"

"कळतंय गं. पण पोरीच्या सासरी मान राहील."

मग कारखान्याची वार्षिक पूजा आली. प्रेससमोर नैवेद्याला डुकराचं मुंडकं, बाजूला तांदळाची दारू. वर्षभर अपघात होऊ नये म्हणून आधी मालकाने दंडवत घालायचा. दरवर्षी शेठ अगदी भक्तिभावाने घालायचे आणि पूजा आटोपताच तीच प्रेस तशीच पळवायला लावायचे. देवाने तरी काय काय सांभाळावं?

या वर्षी दादा पुढे झाले. दंडवत घातला नाही. खिशातून पकड काढली आणि सेन्सर निकामी करणारी ती तार कापून टाकली; सेन्सर पुन्हा चालू झाला.

"डोकं फिरलंय का? माल उद्या जायचाय!" शेठ ओरडले.

या वेळी दादांची मान खाली गेली नाही. "तुरुंग माझा ना, शेठ? मग प्रेसही माझीच."

त्यानंतर त्यांनी जमिनीला कपाळ टेकवलं.

त्याच आठवड्यात पत्रा अडकला. मी सवयीने आत वाकले, आणि घाईत कुणीतरी बटण दाबलं. प्रेस हललीच नाही.

माल उशिरा गेला. वसंत सरायच्या आत शेठने कागदावर पुतण्याचं नाव घातलं आणि दादांना घरी बसवलं. तार मात्र पुन्हा जोडली गेली नाही. आम्ही कामगार बायका प्रेसपुढे उभ्या राहिलो, जोडू दिली नाही.

दादा आता एका इमारतीची राखण करतात. मुलीच्या लग्नात ते कोपऱ्यात उभे होते. सासरकडच्या एका पाहुण्याने मला विचारलं, "हे आपले कोण?"

"आमच्या कारखान्याचे मालक," मी म्हणाले.