भरदिवसा दार पाडायचं नाही म्हणे!

मैत्रिणींनो,

आज धुळ्याहून आमच्या पेढीच्या गुदामाच्या दाराला तारेचे दोन नवे दोर आले, भाड्यासकट अकरा रुपये.

ज्यांवर ते लोखंडी दार वर-खाली होतं, ते जुने दोर झिजले होते. दोर बदलायला आलेल्या मिस्त्रींनी मामंजींना बजावलं, "आबा, दार वर उचललेलं ठेवून दोर सोडणं धोक्याचं. आधी ते खाली टेकवू."

मामंजी कडाडले, "भर बजारमा दिवसा दार पाडं तं लोके म्हनतीन, दिवाळं निंघनं!"

मग बांबूचा टेकू देऊन दार वरच ठेवलं. दोर सोडताच बांबू मोडला आणि लोखंडी दार कोसळलं. मिस्त्रींची दोन बोटं चेचली. डोकं देवानं वाचवलं.

त्यांना दवाखान्यात नेलं, तर मामंजी मला म्हणतात, "बाहेर पाटी लाव, काम चालू शे म्हनीसन!"

अहो, हीच पाटी सकाळी लावायला काय झालं होतं?

तुमच्याकडेही माणसाच्या हातापेक्षा पेढीची अब्रू मोठी धरतात का? उलट टपाली कळवा.