साक्षीदार पाहिजे

तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, मी फोनवर मराठीत बोलत होतो. फोन ठेवताच शेजारच्या टेबलावरचे सत्तरीचे गृहस्थ म्हणाले, "साक्षीदार व्हाल का?"

त्यांचं आयुष्य मेलबर्नला गेलेलं, सध्या मुक्काम इथे लेकीकडे. व्हिक्टोरिया राज्याच्या विधानसभेची मतपत्रिका टपालाने आली होती आणि पाकिटावर साक्षीदाराची सही लागत होती. टिश्यूने टेबल दोनदा पुसून त्यांनी कागद पसरला. मत गुप्त राहायला हवं म्हणून मला पाठ करून बसवलं. मी फिशबॉलच्या स्टॉलकडे बघत राहिलो. माझी कॉफी गार झाली. तिकडे म्हणे प्रत्येक उमेदवाराला पसंतीचा नंबर द्यावा लागतो.

"पहिला नंबर पटकन ठरतो हो," मागून आवाज आला. "शेवटचा कुणाला द्यायचा, त्यालाच वेळ लागतो. लायक फार आहेत."

पाकीट चिकटवून त्यांनी विचारलं, "तुमचं मतदान कुठे?"

"नाव पुण्यात आहे. दहा वर्षांत जाणं झालं नाही. आणि इथे काय, नुसता नोकरीपुरता एम्प्लॉयमेंट पास, मत नाही."

"तरीच," पेन पुढे करत ते म्हणाले, "पाठ करून बसायला तुम्हाला जराही जड गेलं नाही."

मी साक्षीदाराच्या रकान्यात सही केली.