नाव न घेता बोलावलेली

आधीच सांगतो, मी या असल्या गोष्टी मानणारा नव्हतो. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो... मापात बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट. पण हे मापात बसत नाही, म्हणून लिहितोय.

साल ९४ किंवा ९५. बसवनगुडीत माडीवरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो - मी, सुमन आणि सात वर्षांची वीणा. आमचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, बोलण्यात निम्मं कन्नड.

वीणाला चार महिने रोज संध्याकाळी ताप यायचा. सगळ्या टेस्ट नॉर्मल. मग ज्यानं जे सांगितलं ते आम्ही घरात आणलं... कुणाचा गंडा, कुणाची विभूती, कारखान्यातल्या मित्रानं दिलेलं पूजेचं यंत्र, शेजारणीनं दिलेला फोटो. कुणाला नको म्हणायचं धाडसच नव्हतं. देव्हाऱ्यात देवांवर एकमेकांना कोपरानं ढकलून बसायची वेळ आली. सगळ्यांची पूजा उरकून मी सहाची बस पकडायचो आणि मॅजेस्टिकच्या बसस्टँडपर्यंत उभ्या उभ्या पेंगायचो.

एका रविवारी सकाळी सुमन म्हणाली, आज नीट पूजा करा. आमचे भटजी परगावी गेले होते, म्हणून मीच बसलो. तांदळावर सुपारी मांडली. सुपारीत ज्याला बोलवायचं त्याचं नाव घेऊन अक्षता वाहायच्या, हे लहानपणापासून माहीत. पण हातात अक्षता घेतल्या आणि नाव सुचेना. इतक्यांना बोलावून झालं होतं! शेवटी मनातच म्हणालो, "जे कुणी ऐकत असेल त्यानं यावं. माझ्या पोरीजवळ बसावं. मी दमलोय." आणि अक्षता टाकल्या.

त्या संध्याकाळी ताप आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुमन आनंदानं रडली. मी तर बसल्या जागी झोपलो.

बुधवारी मला सुट्टी होती. दुपारी जेवायला बसलो तेव्हा वीणा चटईवर सरकली. "अण्णा, स्वल्प तिकडे हो की. अक्काला जागा नाही."

"कुठली अक्का?"

"तूच बोलावलंस ना, माझ्याजवळ बस म्हणून?"

मी ते मनात म्हटलं होतं. सुमनलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी वीणाची वेणी घातलेली असायची. चार पेडांची, घट्ट. सुमनला चार पेडांची येत नाही. पोरीनं स्वतःच घातली असेल, असं मी म्हणून पाहिलं... सात वर्षांच्या पोरीनं, पाठीमागे! हळूहळू ती शाळेला जाईना, खाली खेळायला जाईना. "अक्का म्हणते, इथंच बसायचं. अण्णांनी तसंच सांगितलंय." ताप नव्हता, चांगली जेवत होती. पण सुमननं जवळ घेतलं की अंग चोरायची. सुमन कंगवा हातात घेऊन नुसती उभी राहायची. ते माझ्यानं बघवेना.

भटजी परत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. "बोलावलंस कुणाला?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"अरे, हळदीकुंकवालासुद्धा आपण नाव घेऊन बोलावतो की रे! ज्याचं नाव घेतलं त्याचं मी विसर्जन करतो. हिला काय म्हणून निरोप देऊ? तूच बोलावलंस, तूच पाठव."

"आणि पुन्हा ताप आला तर?" सुमननं विचारलं.

रात्रभर आम्ही दोघं तेच बोलत होतो. पोरगी बरी आहे, पण आपली राहिलेली नाही... यातलं काय सोडायचं? सकाळी सुमनच म्हणाली, "आला तर येऊ दे. माझी वीणा मला पाहिजे."

मी रजा टाकली. वीणाजवळ चटईवर जाऊन बसलो. मंत्र येत नव्हता, म्हणून साधंच बोललो. "तुम्ही कोण, मला माहीत नाही. तुम्ही बसलात, उपकार झाले. मी थकून बोललो होतो. हे काम माझं आहे. आता मी बसतो."

वीणा शेजारी मान वळवून बराच वेळ ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "अक्का विचारते, किती दिवस बसशील?"

"कायम."

"'सरी, बरं' म्हणाली अक्का," वीणा बोलली, आणि उठून आईकडे गेली.

त्या संध्याकाळी ताप आला. तीन आठवडे येत राहिला, मग आपोआप गेला. आम्ही आळीपाळीनं जवळ बसायचो. देव्हाऱ्यात कुलदेवी आणि बाळकृष्ण ठेवले, बाकी ज्याचं त्याला हात जोडून परत दिलं. आता कुणी काही देऊ केलं तर मी आधी विचारतो, हे कोण, कशासाठी. लोक चिडतात. चिडू देत.

वीणा आज नोकरी करते. तिला यातलं काहीही आठवत नाही. ती अक्का कोण होती, हे मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरांना विचारलं, भटजींना विचारलं, आता विचारणंही सोडलं.

एकच गोष्ट मनाला खाते. मी 'कायम' म्हणालो खरा, पण रजा पंधरा दिवसांची होती. सोळाव्या दिवशी पोरगी तापानं फणफणत असताना मी सहाच्या बसला उभा होतो. हे असंच होणार, हे 'किती दिवस' विचारणाऱ्या अक्काला तेव्हाच कळलं असणार. तरीही मला जागा देऊन ती उठली.