आवाज करून प्या, आपा

अख्ख्या अमिरातीत उन्हाला न भिणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माणूस उन्हात कधी पाऊलसुद्धा टाकत नाही. आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरचे मामू. ते नक्की कोणाचे मामा, हे मला आजवर कळलेलं नाही. वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. पण शारजाच्या रोल्लातली ही आमची सहा मजली बिल्डिंग, तिचा मलबारी वॉचमन, खालचा कॅफेटेरियावाला, सगळेच त्यांना मामू म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ते मला आपा, म्हणजे ताई, म्हणतात. मूळचे आमच्याच रत्नागिरीकडचे, खाडीपलीकडच्या गावातले. खाडीत डुंबत वाढलेला माणूस वाळवंटात आला आणि आमचं हवामान खातं होऊन बसला. सकाळी खिडकीच्या काचेवर बाहेरून वाफ धरली असेल तर ‘आज ओला दिवस’, काच कोरडी असेल तर ‘आज सुका दिवस’, असं ते जिन्यातूनच जाहीर करतात. सुक्या दिवशी मानेवर ओला टॉवेल. ओल्या दिवशी टॉवेल घेतलात तर मामू तो ओढून घेणार. ‘हवेतच पाणी आहे, टॉवेल वाळणार कुठून? आणि वाळला नाही तर थंड करणार कोण, तुमचा एसी?’

मामूंकडे एक कार्ड आहे. पूर्वी ते रस्त्यांच्या कामावर फोरमन होते, तेव्हाचं, प्लास्टिक चढवलेलं. त्यावर पिवळ्या रंगाच्या आठ पट्ट्या, अगदी फिक्या पाण्यापासून काळसर चहापर्यंत. कामगारांच्या बाथरूममध्ये लावतात, आपली आपण लघवी बघायची आणि किती पाणी कमी पडतंय ते समजायचं. काम सुटलं तरी मामूंनी कार्ड सोडलं नाही. लिफ्टमध्ये माणूस शिरला की सलाम-दुवा नंतर, आधी प्रश्न: ‘रंग?’ बिल्डिंगने मग उत्तरांची एक भाषाच तयार केली. लिंबू म्हणजे उत्तम, मोसंबी म्हणजे ठीक, हापूस म्हणजे आत्ताच्या आत्ता पाणी. वॉचमन एकदा गमतीत ‘सुलेमानी’ म्हणाला, म्हणजे बिनदुधाचा चहा. मामूंनी त्याला तिथेच खुर्चीवर बसवलं आणि दीड दिरहमची, म्हणजे पस्तीस-छत्तीस रुपयांची, लबानची बाटली मीठ घालून त्याच्या गळ्याखाली उतरवली. लबान म्हणजे इथलं ताक. दुसऱ्या मजल्यावर एक पुण्याचे इंजिनियर नवीन राहायला आले होते. त्यांना वाटलं, म्हातारबाबा नव्या घराच्या भिंतींचं विचारतायत. ते म्हणाले, ‘ऑफ-व्हाइट.’ मामू गंभीर झाले. ‘फार पिता तुम्ही. जरा कमी करा.’ तो माणूस त्यानंतर आठवडाभर जिन्याने जात होता.

बायकांना मात्र मामू तोंडाने विचारत नाहीत. हात लांब करून कार्ड पुढे धरतात आणि स्वतः लिफ्टच्या छताकडे बघत उभे राहतात. आपण मुकाट पट्टीवर बोट ठेवायचं. बोट कुठे ठेवलं हे छताकडे बघूनही त्यांना कसं कळतं, अल्ला जाणे.

मे महिना लागला की त्यांची दुसरी मोहीम. दारोदार जाऊन घंटी वाजवायची आणि सांगायचं, ‘गीझर खलास!’ इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात की निळ्या नळाला उकळतं पाणी येतं. गीझर बंद केला की त्यातलं पाणी घरातल्या एसीत गार होतं. म्हणून चार-पाच महिने लाल नळ गार आणि निळा नळ गरम. माझ्या सुनेचा भाऊ गावाहून आला होता. त्याला आम्ही सांगायला विसरलो. त्याने हौसेने निळा नळ सोडला, आणि त्याची किंकाळी चौथ्या मजल्यावर पोचली. मामू बनियनवरच खाली आले आणि बाथरूमच्या बंद दाराला तोंड लावून ओरडले, ‘हबीबी, लाल! लाल म्हणजे थंड! इथे सगळं उलटं आहे!’

मी मात्र त्यांना आधी थोडे वेडेच समजत होते, खोटं कशाला सांगू? माझं त्यांच्याशी जमलं ते मी पडले म्हणून.

माझे यजमान गेल्यावर माझ्या इरफानने मला इकडे आणलं. तो पहिलाच उन्हाळा. भाचीच्या लग्नाचं बघायला आम्ही दुबईला, देराच्या सोन्याच्या बाजारात गेलो होतो. दुकानदाराने बांगड्यांची किंमत सांगितली आणि त्याच क्षणी मी चक्कर येऊन खाली. सगळ्यांना वाटलं, भाव ऐकून पडली. इरफानसुद्धा आधी हसलाच. पण डॉक्टर हसले नाहीत. रक्त तपासलं, किडनीवर ताण आलाय म्हणाले. पाणी किती पिता? आता डॉक्टरांना काय सांगू? आम्हा बायकांची जन्माची सवय, बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाण्याला शिवायचं नाही. परक्या ठिकाणी बाथरूम कुठे शोधायचं, कोणाला विचारायचं? त्यातून माझे गुडघे. त्यापेक्षा तहान बरी.

घरी आल्यावर इरफान हळूच म्हणाला, ‘अम्मी, पुढच्या उन्हाळ्यानंतर परत रक्त तपासू. रिपोर्ट सुधारला नाही, तर दरवर्षी मे ते ऑक्टोबर तू गावीच राहा. मला इथे भीती वाटते.’ पोरगं प्रेमानेच बोललं. पण गावी आता माझं कोण? घराला कुलूप. इथे माझी नात सना, नऊ वर्षांची, झोपताना माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरते. मी मराठीत गोष्ट सांगते, ती इंग्रजीत प्रश्न विचारते, आणि आमचं छान चालतं. वर्षातले सहा महिने ते टोक कोणी धरायचं? सुनेने हे मामींना, म्हणजे मामूंच्या बायकोला, सांगितलं. मामींनी मामूंना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामू दारात उभे. हातात छत्री, काखेत पाण्याची मोठी बाटली, मागे मामी.

‘यल्ला आपा, चप्पल घाला. रिपोर्ट मी आणणार.’

तेव्हापासून आम्ही तिघं रोज फिरायला जातो. मी म्हटलं होतं, सगळे मॉलमध्ये चालतात तसं आपणही चालू. मामू म्हणाले, ‘फ्रिजमध्ये कोथिंबीर फिरते का? माणसाने थोडा घाम गाळायचा, पण कायद्यात.’ त्यांचा कायदा असा: एसीतून एकदम बाहेर पडायचं नाही. आधी खाली दाराशी, दार अर्धं उघडं ठेवून, तीन मिनिटं उभं राहायचं. वॉचमन गार हवा जाते म्हणून कुरकुरतो, त्याला ‘रंग?’ विचारून गप्प करायचं. मग सावलीतून निघायचं. रोल्लातली प्रत्येक सावली कितीला कुठे असते हे मामूंना नमाजाच्या वेळांसारखं पाठ आहे. साडेपाचला औषधाच्या दुकानाची, मग शिंप्याच्या बिल्डिंगची, मग बँकेची. मध्ये मशिदीच्या मिनाराची. ती इतकी बारीक की एकामागे एक चालावं लागतं, पुढे मामू, मध्ये मामी, मागे मी. मिनार संपला की बारा पावलं उघडं ऊन. त्या बारा पावलांना मामू छत्री उघडतात आणि तेरावं पाऊल पडायच्या आत मिटतात. सना एकदा आमच्याबरोबर आली आणि घरी जाऊन बापाला म्हणाली, ‘पापा, इट वॉज सो एम्बॅरेसिंग! दे वॉक लाइक अ ट्रेन!’

पण या सगळ्याआधी, पहिल्याच दिवशी, मामींनी माझ्या हातात घडी घातलेला एक कागद दिला. ‘त्यांनी दिलाय. तोंडाने बोलायला लाजतात.’ उघडून बघते तर आमच्या रस्त्याचा नकाशा, सावल्या पेन्सिलीने काळ्या केलेल्या, आणि चार-पाच ठिकाणी चांदणीची खूण. खाली मामूंच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: ‘चांदणी तिथे लेडीज बाथरूम. स्वच्छ. मामींनी जाऊन पाहिलेलं.’ बाई गं, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. साठी ओलांडली मी, एवढ्या वर्षांत मला पाणी पी म्हणणारे शंभर भेटले. बाथरूम कुठे आहे ते सांगणारा हा पहिला.

आता या माणसाची सगळ्यात विचित्र खोड सांगते. तुम्ही पाणी पिताना मामू समोर असले तर ते तुम्हाला गुपचूप पिऊ देत नाहीत. ‘आवाज करून प्या, आपा. घटाघट. ऐकू येऊ दे.’ माझ्या आईने मला लहानपणी याच आवाजासाठी धपाटे घातले होते! बँकेच्या सावलीत एक बाक आहे. तिथे बसवून, आपल्या काखेतली बाटली माझ्या हातात देऊन, मामू डोळे मिटून ऐकत बसतात, एखादा कव्वाली ऐकतो तसे. स्वतः मात्र खिशातून एक फिंजान काढतात, म्हणजे अरबी कॉफीचा तो बोटभर बिनकानाचा कप, आणि त्यात टोपणभर पाणी ओतून ओठ ओले करतात. सना म्हणाली होती, ‘दादी, मामू नेव्हर ड्रिंक्स हिज ओन वॉटर.’ मी म्हटलं, अगं ते दुसऱ्यांसाठी राखून ठेवतात. मुलं बघतात, आपण उत्तरं देऊन मोकळे होतो.

आणि मामूंची ती ‘ड्यूटी’. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत फाईल धरून स्वारी बाहेर. रिटायर माणसाला ड्यूटी कसली? बिल्डिंगमध्ये नाना तर्क. कोणी म्हणे कुठल्या शेखच्या बागेला पाणी घालायला जातात. कॅफेटेरियावाला म्हणे, दुसरं घर असेल. मामी हे ऐकून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ‘एक सांभाळता सांभाळता दम निघतो, दुसरं कुठून करणार?’ यापलीकडे काही बोलल्या नाहीत.

असा दुसरा उन्हाळा सरत आला. सप्टेंबरात रक्त द्यायला इरफानने मला हॉस्पिटलात नेलं. बुधवार होता. रात्री मला नीट झोप लागली नव्हती, सनाच्या मुठीतलं ओढणीचं टोक चाचपत पडले होते. पण मामूंची शिकवण म्हणून सकाळी दोन ग्लास पाणी पिऊन निघाले, आणि पोचल्याबरोबर मला जायची घाई झाली. इरफान काउंटरवर कागद भरत होता. मी बाथरूम शोधत एका काचेच्या दारापाशी आले आणि तिथेच थबकले. आत ओळीने खुर्च्या, प्रत्येकीजवळ एक मशीन, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत इस्त्रीचा शर्ट. एक बाही वर दुमडलेली. हातातून लाल नळ्या गेलेल्या. मांडीवर ती फाईल.

मामूंनी मला पाहिलं. पकडले गेल्यासारखे हसले आणि म्हणाले, ‘डावीकडे, तिसरं दार. चांदणी.’

परत आले तेव्हा नर्सने मला पाच मिनिटं आत येऊ दिलं. मी म्हटलं, ‘मामू, ही तुमची ड्यूटी?’

‘मग काय! चार तास बसून काम, एसी ऑफिस. अशी नोकरी तरुणपणी मिळाली असती तर इथे आलोच नसतो.’

मला हसू येईना. तेव्हा ते जरा खाली बघून बोलले. ‘खोर फक्कानकडच्या डोंगरात आमचं काम होतं, आपा. पाणी भरपूर होतं, बर्फ घातलेलं. कोणी नाही म्हणत नव्हतं. बाथरूम तेवढं लांब. उन्हातून जा, उन्हातून या. मी विचार केला, प्यायलोच नाही तर जायलाच नको. वीस वर्षं ही हुशारी केली. कार्ड दुसऱ्यांना दाखवायचो, स्वतः बघत नव्हतो. डॉक्टर म्हणतात, यानेच झालं असणार.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘तुम्ही सोन्याच्या दुकानात का पडलात ते मामीने सांगितलं, तेव्हाच म्हटलं, ही तर आपलीच जात.’

‘आणि पाणी?’

‘दिवसाला तीन ग्लास. त्यातच चहा, त्यातच कालवणाचा रस्सा. किडनीच काम करत नाही, तर प्यायलेलं जाणार कुठे?’ फाईल नीट करत ते म्हणाले, ‘बिल्डिंगमध्ये बोलू नका, आपा. कळलं तर लाजतील. माझ्यासमोर कोणी पाणीच पिणार नाही.’

दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, छान, असंच चालू ठेवा. इरफानने गाडीतच दोन वेळा वाचला आणि म्हणाला, ‘अम्मी, गाव कॅन्सल.’ सना घरी नाचली. मी रिपोर्ट घेऊन सरळ चौथ्या मजल्यावर गेले. मामू नुकतेच परतले होते, थकून सोफ्यावर पडले होते. चष्मा लावून त्यांनी एकेक आकडा बोटाने वाचला आणि मामींना हाक मारली, ‘अगं, बघ! लिंबू! अगदी लिंबू!’

हे सगळं मी लिहितेय ते त्यांना विचारूनच. म्हणाले, ‘लिहा. आपल्या बिल्डिंगमध्ये मराठी वाचणारे आहेतच किती? आणि पुणेवाला माझ्या वाऱ्याला उभा राहत नाही.’

आज संध्याकाळीही आम्ही बँकेच्या सावलीत बसलो होतो. सुका दिवस होता, ओठ तडकत होते. मामूंनी बाटली माझ्या हातात दिली, स्वतःचं फिंजान काढलं, त्यात बघितलं, आणि तसंच खिशात ठेवून दिलं. आजचा त्यांचा वाटा बहुतेक चहात संपला होता. पूर्वी असतं तर मी तोंड फिरवून एकच घोट घेतला असता. आता तसं करत नाही. बाटली वर केली आणि चांगली घटाघट प्यायले, रस्त्यावरचे दोघं-तिघं वळून बघतील अशी. मामू डोळे मिटून होते. प्रत्येक घोटाबरोबर त्यांचाही कंठ खालीवर होत होता.

बाटली खाली ठेवली तसे ते ओठांवरून हात फिरवत म्हणाले, ‘हं. आता बरं वाटलं.’