वाघमारे सरांचा तास

वाघमारे सर गेल्याचं मला शाळेच्या जुन्या शिपायानं फोनवर सांगितलं. "सर, आपले शेतीचे वाघमारे सर गेले. सकाळी चहा घेता घेताच..." त्याला आता पाच आठवडे होतील.

ताडकळसजवळच्या त्या शाळेत मी मुख्याध्यापक म्हणून गेलो तेव्हा ते तिथं शेतीशास्त्र शिकवत. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे ठेवायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते मोजायचं. घरचं बियाणं पेरण्याजोगं आहे का, हे आठवीतली मुलगी बापाला सांगू शके. मला मात्र दहावीचा निकाल दिसत होता. पालकही म्हणत, "शेती घरी बी शिकतंय की लेकरू. इंग्रजी शिकवा." मी शेतीचे सगळे तास गणित-इंग्रजीला देऊन टाकले. त्याच दुपारी सर माझ्या खोलीत आले. "आठवड्याला एक तरी तास राहू द्या सर. जी लेकरं पास होनार न्हाईत, ती शेतातच जानार ना?"

"म्हणजे नापास होतील हे धरूनच शिकवायचं?" मी विचारलं. ते खोलीतून निघून गेले. तेव्हा मला माझा प्रश्न बिनतोड वाटला होता...

निकाल जरासा वाढला. माझा सत्कार झाला. सरांकडं संगणकात माहिती भरायचं काम आलं आणि शाळेमागच्या त्यांच्या वाफ्यांवर फरशी बसून मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. पुढं आम्ही दोघंही निवृत्त झालो. एकदा बाजारात भेटले, तेव्हा मीच विषय काढला. ते म्हणाले, "तुमचंच बरोबर होतं सर. माझा पोरगा बी पुण्यात पार्सल वाटायलाय. शेताकडं फिरकत न्हाई." त्यांनी भांडायला हवं होतं. ते खरंच हरले होते.

परवा सरांच्या घरी गेलो. वहिनींनी कपाट उघडलं. आत वर्तमानपत्राच्या पुड्याच पुड्या, प्रत्येकीवर एकेका मुलाचं नाव आणि गाव. शेवटच्या वर्षी मुलांनी आपापल्या शेतातली माती तपासायला आणली होती, तीच ही. तास बंद झाले, तपासणी राहूनच गेली.

"शाळेतून एवढंच घरी आणलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "कागद फाटला की नव्या कागदात बांधायचे, नाव परत लिहायचे. तुमीच सांगा सर, आता याचं काय करू?"

मी एक पुडी हातात घेतली. कागद यंदाचाच होता.