निरोगी झाडाचा नमुना

मार्चचा दुसरा शनिवार, सकाळचे आठ. जमा फी बत्तीस हजार चारशे. हजर: अठरा विद्यार्थी, शिकवायला लीला मॅडम, आणि लाकडी हातोडी हातात धरून मी.

बेंगळुरूच्या दक्षिणेकडे एका खासगी ट्रस्टचं वनस्पती उद्यान आहे. तिथल्या शिक्षण विभागाचं ऑफिस मी सांभाळतो. व्याख्यानं ठरवणं, फी घेणं, शिकवणाऱ्यांचं मानधन काढणं, खुर्च्या मोजणं, ही सगळी कामं माझ्याकडे. वनस्पतिशास्त्र मला येत नाही. पण इतकी वर्षं वर्गाच्या मागे उभा राहिलोय, की थोडंफार कानावर पडून राहिलंय.

‘झाडाची तब्येत’ हा आमचा चार शनिवारांचा कोर्स. पहिला वर्ग हॉलमध्ये होतो, बाकीचे तीन बाहेर. दुसऱ्या शनिवारी झाड वाजवून पाहायला शिकवतात. प्रकार साधा आहे. लाकडी हातोडीनं बुंध्यावर हलकेच मारायचं आणि कान द्यायचा. लाकूड भरीव असेल तर ‘ठक’ असा कोरडा, आखूड आवाज येतो. आत पोकळी असेल तर ‘ढब’. बाजारात कलिंगड वाजवून घेणाऱ्या कुणालाही हे पटकन समजतं. हातोडी मीच चिकपेटच्या बाजारातून आणली होती.

लीला मॅडम कॉलेजातून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणून रिटायर झाल्या आणि त्याच वर्षी आमच्याकडे शिकवायला लागल्या. त्याला आता अकरा वर्षं झाली. एकट्या राहतात. वर्ग नसेल त्या दिवशीही पुष्कळदा डबा घेऊन यायच्या आणि रेन ट्रीखाली बसून खायच्या. हे झाड आमच्या उद्यानातलं सगळ्यात मोठं. छत्रीसारखा पसारा, खाली एका बाजूला अर्धगोल बाक. बाहेरचे सगळे वर्ग तिथेच. माहितीपत्रकावर फोटोही त्याचाच.

मॅडमची पद्धत ठरलेली होती. आधी खतखड्ड्याजवळचा पोकळ गुलमोहर वाजवायचा. मग सगळ्यांना रेन ट्रीकडे आणायचं, बाकाच्या बाजूनं छातीच्या उंचीवर दोन ठोके द्यायचे आणि म्हणायचं, “हा निरोगी झाडाचा आवाज. हा लक्षात ठेवा, म्हणजे आजारी ओळखता येईल.” अकरा वर्षं ठोके त्याच जागी बसत होते. तिथली साल गुळगुळीत झाली होती.

त्या दिवशीही तेच झालं. मग हातोडी एकेकाच्या हातात गेली. एरवी आम्ही बारा जण घेतो, या वेळी अठरा होते, त्यामुळे बाकापाशी गर्दी झाली.

“स्वल्प सरकून उभे राहा,” मी म्हणालो, “सगळ्यांना मिळणार आहे.”

सायली नावाची एक मुलगी रांगेत शेवटी होती. नागपूरची, इंदिरानगरच्या एका आयटी कंपनीत नोकरीला. आमच्या घरातलं जुनं, कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून ती पहिल्याच दिवशी हसली होती आणि तेव्हापासून मला काका म्हणायला लागली होती. गर्दी टाळून ती झाडाच्या मागे गेली. ती बाजू कुंपणाला लागून आहे, तिकडे कुणी जात नाही. तिनं खाली, मुळांच्या वर मारलं. पुन्हा मारलं.

“मॅडम,” ती मागून ओरडली, “इथे तर पहिल्या झाडासारखाच आवाज येतोय.”

सगळे हसले. एकजण म्हणाला, “हातोडी उलटी धरली असशील.”

मॅडमही हसल्या. “साल सुटलेली असेल. कधी कधी फसवते.” असं म्हणत त्या मागे गेल्या. मीही गेलो. त्यांनी हातोडी घेतली आणि मारली.

ढब.

एक वीत वर मारलं. ढब. डावीकडे, उजवीकडे, तेच. मला वनस्पतिशास्त्र येत नाही, पण मलाही तो आवाज कळला.

मॅडमनी हातोडी खाली केली. आवाज न चढवता म्हणाल्या, “सगळ्यांनी बॅगा उचला. सावलीतून बाहेर या. उरलेला वर्ग लॉनवर.”

“मॅडम, उन्हात?” कुणीतरी विचारलं.

“हो. उन्हात.”

सोमवारी डायरेक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. आमचे डायरेक्टर चाळिशीतले, मॅनेजमेंट शिकून आलेले, स्वभावानं वाईट नाहीत. बोलणं कन्नड आणि इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहितोय.

“मॅडम, एप्रिलची संध्याकाळची लेक्चर्स त्याच झाडाखाली आहेत,” डायरेक्टर म्हणाले. “पोस्टर छापून झालंय. पावसाळा संपला की नीट तपासून घेऊ.”

“पावसाळ्यानंतर तपासायची गरज राहणार नाही.”

“तुम्हीच दरवर्षी सांगता ना, हे आपलं सगळ्यात निरोगी झाड?”

मॅडम म्हणाल्या, “सांगते. म्हणून तर तपासणीचं मशीन बोलवा म्हणते. माझं चुकत असेल तर मला हवंच आहे.”

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वादळी पाऊस येतो आणि दरवर्षी शहरात कितीतरी रेन ट्री गाड्यांवर, तारांवर आडवे होतात. आमच्या झाडाखाली त्या वेळी शंभरेक माणसं बसली असती. डायरेक्टर माझ्याकडे वळले. “जाधव, पैसे कुठून?”

तपासणीचं कोटेशन मी आधीच मागवून ठेवलं होतं. एकवीस हजार. म्हणालो, “कोर्समधून मानधन वजा जाता अठरा हजार चारशे उरतात. बाकी स्टेशनरीतून काढतो.”

“सरी,” म्हणजे ठीक आहे, असं ते म्हणाले आणि लॅपटॉप उघडला.

बुधवारी तपासणारा आला. त्याच्या यंत्रातून विणकामाच्या सुईसारखी लांब, बारीक सुई लाकडात शिरते आणि लाकूड किती विरोध करतं त्याची रेघ कागदाच्या पट्टीवर उमटते. घट्ट लाकूड असेल तर रेघ वर राहते. पोकळी आली की खाली पडते. झाडाला भोक दिसतही नाही.

मागच्या बाजूनं पहिली सुई गेली. रेघ वर चढली आणि लगेच खाली पडली, मग सपाट. तो सरकत सरकत बुंध्याभोवती फिरला. मॅडम त्याच्या बरोबर एकेक पाऊल फिरत होत्या. बाकाच्या बाजूला आल्यावर रेघ बराच वेळ वर राहिली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला काय म्हणावं मला सुचत नाही. पुढच्या दोन सुया पुन्हा पडल्या.

तपासणारा पट्ट्या गुंडाळत म्हणाला, “मॅडम, पोकळ झाडही उभं राहतं, तुम्हाला माहीत आहे. भोवतालची भिंत पुरेशी जाड हवी. इथे निम्म्याहून जास्त भागात ती नाही. आणि वर एवढं ओझं.”

“फांद्या हलक्या केल्या तर?”

“चार-पाच वर्षांपूर्वी केल्या असत्या तर चाललं असतं. आधार देऊन पुष्कळ वर्षं काढली असती यानं. आता नाही.”

मॅडमनी मान हलवली. तो गेल्यावर त्या बाकावर बसायला निघाल्या, मग आठवण झाल्यासारख्या थांबल्या आणि उभ्याच राहिल्या.

“जाधव, मी या झाडाला अकरा वर्षं मारतेय,” त्या म्हणाल्या. “उदाहरण म्हणून मारत होते. तपासत नव्हते.”

“मॅडम, वरून झाड हिरवंगार आहे. कुणाला संशय आला असता?”

“मी दोनशे लोकांना शिकवलं, की वरून हिरवं आहे म्हणून विश्वास ठेवू नका.”

मी वर पाहिलं. कोवळी पालवी नुकतीच आली होती आणि काही फांद्यांवर गुलाबी फुलंही. तोडायच्या अर्जाला जाणकाराची सही लागते. तपासणाऱ्याची चालली असती. पण मॅडम म्हणाल्या, मी करते, आणि माझ्याच टेबलावर बसून केली.

तिसऱ्या शनिवारी सायली आली नाही. हजेरी घेताना मॅडमनी तिचं नाव दोनदा घेतलं. दुपारी मी तिला फोन केला.

“काका, मला नाही यायचं,” ती म्हणाली. “मी बोललेच नसते तर ते झाड तसंच उभं राहिलं असतं ना?”

“राहिलं असतं. मग एक दिवस पडलं असतं.”

“मॅडमचा चेहरा बघितला होता तुम्ही? सगळ्यांसमोर ओरडले मी. जरा बाजूला घेऊन सांगता आलं असतं.”

“त्यांनी आज तुझं नाव दोनदा घेतलं,” मी म्हणालो. “इतकंच सांगायला फोन केला. फी भरलेली आहे. वर्ग बुडवू नकोस.”

परवानगी आठवड्यात आली. वादळाच्या आधी पालिकेचे लोकही घाईत असतात. गुरुवारी आणि शुक्रवारी झाड उतरवलं. उतरवलं असंच म्हणतात, कारण एवढं झाड एकदम पाडत नाहीत. दोरखंड बांधून वरून एकेक फांदी खाली सोडतात. पहिली मोठी फांदी गेली तशी आजवर कधी ऊन न पडलेल्या बाकावर ऊन पडलं.

जे. पी. नगरमधले फिरायला येणारे लोक दोरीपलीकडे जमले. त्यातले एक गृहस्थ मॅडमना ओळखत होते.

“काय मॅडम, क्लासमध्ये झाड वाचवायला शिकवता आणि इथे उभं राहून तोडून घेता?”

मी पुढे होऊन सांगायला लागलो, तर मॅडमनी माझा हात धरला. “राहू द्या. बरोबर विचारतायत ते.”

शुक्रवारी चारच्या सुमाराला बुंधा कापला. करवतवाले बाजूला झाले. आत एक माणूस मांडी घालून बसेल एवढी पोकळी होती. मॅडमनी वाकून हात घातला, खांद्यापर्यंत गेला. मूठ भरून बाहेर काढली. फिल्टर कॉफीच्या चोथ्यासारखा ओलसर, तपकिरी भुगा. तो हातात धरून त्या बराच वेळ उभ्या होत्या. घरी जाताना तो त्यांनी बुंध्यात परत टाकला आणि हात पदराला पुसले.

“निदान तुमचं खरं ठरलं,” डायरेक्टर म्हणाले. त्यांना धीर द्यायचा होता.

“हो,” मॅडम म्हणाल्या. “मला नको होतं ते ठरलं.”

चौथा शनिवार. वर्ग बुंध्याभोवती, डोक्यावर काही नाही, सगळे टोप्या घालून. सायली आली होती, सगळ्यांच्या मागे उभी.

मॅडमनी खडू घेतला आणि बुंध्यावर चांगल्या लाकडाची हद्द आखली. बाकाच्या बाजूला भिंत चांगली दोन वितींची होती. मागच्या बाजूला चार बोटं.

“मी इथे मारत होते,” त्यांनी जाड बाजूवर फुली केली. “इथे आवाज चांगलाच येणार. उरलेलं झाड मी गृहीत धरलं. सायली, पुढे ये. तू कुठे मारलंस ते दाखव.”

सायली पुढे आली. तिचे डोळे भरले होते. तिनं चार बोटांच्या जागेवर फुली केली आणि खडू परत दिला. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हात तिथेच ठेवून पुढचा सगळा धडा सांगितला.

वर्ग संपल्यावर त्या ऑफिसात आल्या. हातोडी माझ्या टेबलावर ठेवली. मी चार सत्रांच्या मानधनाचं व्हाउचर पुढे केलं. त्यांनी चाराचे तीन केले.

“दुसऱ्या शनिवारी मी शिकवलं नाही. त्या मुलीनं शिकवलं. ते तिला द्या.”

“मॅडम, ती विद्यार्थिनी आहे. नियमात बसत नाही.”

“मग बसवा. तुम्ही स्टेशनरीतून मशीन बसवलंत.”

“आणि पुढची बॅच जूनमध्ये. तारखा लिहून घेऊ?”

“नको,” त्या म्हणाल्या. “माझा आता माझ्या कानावर विश्वास नाही.” डब्याची पिशवी उचलून त्या गेटकडे गेल्या. वाटेत बुंध्यापाशी थांबतील असं मला वाटलं होतं. त्या थांबल्या नाहीत.

जूनची बॅच दुसऱ्या कुणीतरी घेतली, हॉलमध्ये, स्लाइड्सवर. कोर्समध्ये मी एकच बदल करायला लावला. निरोगी झाडाचा नमुना म्हणून आता ठरलेलं एकच झाड दाखवत नाहीत. जे झाड दाखवायचं ते आधी चारी बाजूंनी वाजवून घ्यायचं, आणि दरवर्षी नव्यानं. यापलीकडे मला यातून काही शिकता आलं नाही.

अखेरचा हिशेब असा. तपासणीचे एकवीस हजार, चुकते. लीला मॅडम, तीन सत्रं, दहा हजार पाचशे, चुकते. दुसऱ्या शनिवारचे तीन हजार पाचशे रुपये, अतिथी शिक्षक या सदरात, सायलीच्या खात्यात जमा.