आधी आईच्या डोळ्यावर पट्टी

इंदूमावशी पट्टी आधी आईच्या डोळ्यावर बांधायच्या. ऑपरेशनच्या धास्तीने भेदरलेलं मूल आईला एका डोळ्याने धडपडताना पाहून हसायचं आणि मग "मलेबी बांध" म्हणून हट्ट धरायचं. नागपूरच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्या आया होत्या, मी भूलतज्ज्ञ. भुलीतून उठताना लहान मुलं कधीकधी कुणालाच ओळखत नाहीत. किंचाळतात, पट्टी ओढतात. ते टळावं म्हणून मी औषध देई. मावशी तेवढ्यावर विसंबत नसत.

"घरी काय म्हनता इले?" असं त्या प्रत्येक आईला विचारत. केसपेपरवरचं नाव त्यांच्या लेखी कुचकामी. "लेकरू काई सही करून नाई राहिलं मॅडम, शाळेतलं नाव काहून पायजे?" मग आईला खाटेशी बसवायच्या आणि मूल डोळे उघडायच्या आतच हाक मारायला लावायच्या. सिस्टर रागावत. मावशी मुकाट ऐकून घेत, आणि आईलाही आत घेत.

पारशिवनीकडची चिमी चार वर्षांची होती. बुबुळात बाभळीचा काटा घुसलेला. टाके घालून डोळा वाचवला होता. त्या दिवशी ऑपरेशनं लांबली होती. पट्टीचा खेळ मीच थांबवला, आईला दारातच अडवलं आणि मावशींना दुसऱ्या वॉर्डात पिटाळलं. चिमी उठली ती ओरडतच. आम्ही धरेपर्यंत तिने पट्टी उपटून डोळा चोळला होता. टाके पुन्हा घातले, पण नजर गेली ती गेलीच.

"माझ्यामुळे झालं," मी मावशींना म्हटलं. वाटलं, नाही म्हणतील.

"हो मॅडम. मीबी तुमचं आयकाले नोको होतं."

पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मीही त्यानंतर कुठल्याच आईला बाहेर ठेवलं नाही. पण चिमीची चौकशी करायचं धाडस मला झालं नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

मागच्या उन्हाळ्यात मावशी वारल्या. कामठीला त्यांच्या घरी गेले, तर चटईवर चिमी आणि तिची आई बसलेल्या. मावशी दर सणाला त्यांच्या गावी जायच्या, हे मला तिथे कळलं. आईने मला ओळखलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी माझ्या तोंडावर मास्क होता.

चिमीने मान वळवून चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी कोन?"

"मावशींबरोबर काम करत होते."

"मंग तुमीबी चांगल्याच असान," ती म्हणाली आणि सरकून तिने मला शेजारी जागा करून दिली.

मी बसले. तिच्या आईला दारात अडवणारी मीच, हे सांगायचं होतं. सांगितलं नाही.